फेरपालट

मंगळवारी सकाळी सव्वानऊला ब्रेंडनचा फोन.
"रोटेशन सुरू झालंय," तो म्हणाला,
गाय व्यायली सांगावं तसं.
मोठ्या टेक कंपन्यांतून पैसा निघालाय,
पोलाद, रेल्वे, बँका, ट्रकचे सुटे भाग, सगळं वर.
तू अजून तिथेच बसलीयेस का?

मी बसले होते डुलुथमध्ये, स्वयंपाकघरात,
सरोवराकडे तोंड करून.
अकरा वर्षं सांभाळलेले शेअर,
पगाराच्या जोडीला मिळत गेलेले,
ज्यांवर हे घर झालं, ईशानचे दात सरळ झाले,
ते मी एका बोटानं विकले.
भाकरी वेळेवर उलटली नाही तर करपते.
आमच्याकडे हे फक्त तव्याबद्दल बोलायचे.

दुपारी शेजारचा आर्नी कोस्केला
मार्चचा उरलासुरला बर्फ उपसत होता.
एकाहत्तर वर्षांचा. खनिजाच्या धक्क्यावर उभा जन्म.
म्हटलं, तुमचे दिवस आलेत, आर्नी.
सायक्लिकल म्हणतात त्यांना. चक्रासारखे फिरून येणारे.
फावडं टेकवून त्यानं ऐकून घेतलं
आणि विचारलं, "कोणाचे दिवस?"

मग गॅरेजमध्ये नेलं.
भिंतीवर सुतारी पेन्सिलीनं लिहिलेली सालं:
ब्याऐंशी. शहाऐंशी. दोन हजार एक. दोन हजार नऊ.
प्रत्येकाखाली हरणं किती, बटाट्यांची पोती किती.
शहाऐंशीखाली फक्त "मार्लिस",
जी त्या हिवाळ्यात बहिणीकडे गेली
ती थेट मे महिन्यात परतली.
कोपऱ्यातल्या जुन्या फ्रीझरचं झाकण त्यानं उचललं.
"चक्र," तो म्हणाला. आत काही नव्हतं.
राग नाही, थट्टा नाही,
पाहुण्याला न्हाणीघर दाखवावं तसं.

मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं:
शेअर होते. बाराशे डॉलरचे.
छप्पर गळायला लागलं तेव्हा विकले.
भाव?
"तळाला. छप्पर कधी गळतं असं वाटतं तुला?"

संध्याकाळी आलेख उघडला.
पोलाद चार टक्के वर. मी विकलेलं, तीन खाली.
ब्रेंडनचा पिवळा अंगठा आला.
इतकं बरोबर ठरल्यावर
माणसानं कुठे बघायचं असतं
हे कोणी शिकवलं नव्हतं,
म्हणून पाण्याकडे बघितलं.

हिवाळाभर बांधून ठेवलेलं पहिलं जहाज
पुलाखालून निघालं होतं.
एक लांब भोंगा, दोन आखूड.
पुलानं तसंच उत्तर दिलं.
पोटात तांबूस गोळ्यांचे ढीग,
त्यांत सकाळपासून कुठेतरी माझंही काही.

आर्नी त्याच्या खिडकीत, मनगट डोळ्यांजवळ धरून.
मी हात वर केला,
जहाजाला की त्याला, ते ठरायच्या आत
काच सरकवून तो ओरडला,
"सात मिनिटं उशीर!"