हजेरी

चाळीस ओळींचा आहे. मीच लिहिलाय,
सहामाहीचे पेपर तपासून झाल्यावर, दोन रात्रींत.
त्यात फारशी हुशारी नाही.
यादीतला एकेक पत्ता घेतो, कडी वाजवतो,
पाच सेकंद थांबतो
आणि पुढच्या दारी जातो.

यादी आणून देतो फरजाद, घड्याळाच्या चौकातला, मोबाइल दुरुस्तीवाला.
कुराबियेचा डबा, वर बिस्किटं, खाली पेनड्राइव्ह.
चारशे बारा पत्ते. नावं नाहीत, नुसते आकडे,
आकड्यांमध्ये टिंबं, शेवटी दाराचा नंबर.
म्हणतो, "जेयरान खानम, यादी माझी, नशीब तुमचं."
बिस्किटांचे पैसे मात्र पूर्ण घेतो.

एकोणतीस वर्षं मुलींच्या शाळेत हजेरी घेतेय मी.
मान वर करावी लागत नाही.
आवाजावरून कळतं कोण तापातून उठून आलीय,
कोण रात्रभर रडलीय,
आणि कोण मागच्या बाकावरून
न आलेल्या मैत्रिणीच्या नावाने ओ देतेय.
किती जणींना उभं केलं असेल त्यापायी, भिंतीकडे तोंड करून!

आता रात्री एक वाजता, तब्रीझमध्ये, बंद हीटरशेजारी
मी शोधतेय तीच मुलगी.
माझ्या जागी उभी राहील,
माझ्या नावाने ओ देईल
आणि पकडली जाणार नाही.

रिकामी.
रिकामी.
रिकामी.
(गैरहजर असं लिहवलं नाही मला. पुढची जागा कोरी सोडते.)
एक बोलला, पण अर्ध्या शब्दात गेला.
एक भलताच गोड बोलला. तत्काळ हजर,
आणि विचारलं एक, तर घेऊन आला जुगाराची जाहिरात.
त्याच्यासाठी मग तेविसावी ओळ घालावी लागली:
नुसता ओ पुरे नाही, उत्तर ताडून बघ.
हे मला प्रोग्राम लिहायच्या आधीपासून माहीत असायला हवं होतं.

आणि विचारायचं काय? काहीतरी विचारावंच लागतं,
त्याशिवाय दार उघडलं की नाही कसं कळणार.
मी विचारते ट्रॉन्डहाइमचं हवामान.
छोटं पान आहे, चित्रं नाहीत, लवकर येतं.
आराज तिथे शिकायला गेला त्या हिवाळ्यात अकराव्या ओळीत टाकलं होतं.

रिकामी. रिकामी.
दोनशे सत्तरावा. तीन सेकंद, चार...
हजर.
उणे सहा. हलका बर्फ. वारा वायव्येकडून.

कुठलं असेल हे दार?
एखाद्या दातांच्या दवाखान्यात, टेबलाखाली,
कुणीतरी लावून विसरलेला, धूळ खात गुणगुणणारा डबा.
सकाळी झाडणारी बाई त्याला कुंच्याने जरा बाजूला सारत असेल.
तिला कुठून माहीत
की तिच्या पायाशी मी उभी आहे, चपला हातात घेऊन.

पत्ता कागदावर उतरवून वरच्या मजल्यावर देऊन आले.
सोनाला परीक्षेचा अर्ज भरायचा होता, तिच्या आईला मुलीचा चेहरा बघायचा होता,
आणखी कुणाकुणाला काय काय.
सगळ्यांनी एकदमच धाव घेतली असणार.
पहाटे पुन्हा चालवला तेव्हा
दोनशे सत्तराव्यापुढे कोरी जागा.

सोनाचा अर्ज गेला म्हणे. तिसऱ्या पानापर्यंत तरी.

आराज मे महिन्यातच ट्रॉन्डहाइम सोडून गेला.
कुठे, ते सांगेन म्हणाला होता, स्थिरस्थावर झाल्यावर.
अकरावी ओळ बदलायला एक मिनिटसुद्धा लागणार नाही.
पण नवं गाव कोणतं लिहू?

फरजादचा निरोप आहे, उद्या नवी यादी येतेय, सहाशेची.
डबा परत घेऊन यायला सांगितलंय.