बंद करू नका, मॅडम

बंद करू नका, मॅडम, चालूच राहू दे.
बॉनेट मी उघडतो.
एका वर्षात तिसरी बॅटरी?
वॉरंटीचं कार्ड ठेवून द्या पर्समध्ये,
तिचा काही गुन्हा नाही.

हा बघा मीटर.
लाल इकडे, काळा तिकडे:
अकरा पॉइंट नऊ.
इंजिन फिरतंय, आणि अकरा पॉइंट नऊ.
चौदा हवेत.
म्हणजे घरात कमावतं कुणी नाही
आणि डब्यातलं मोडून खातायत सगळे:
हेडलाइट, पंखा, वायपर, तुमचा तो रेडिओ.

डिझेल आहे म्हणून जामसंड्यापर्यंत आलात.
डिझेलला ठिणगी लागत नाही,
एकदा पेटलं की आपल्याच दाबावर जळत राहतं.
म्हणून तर उशिरा कळतं.

आणि ब्रेक?
दगडासारखा लागतोय ना चार दिवस?
मला स्वप्न नाही पडलं, मॅडम.
ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर बसलेला असतो,
त्याचं सील गेलं की तेल झिरपतं आत,
तांब्यावर, ब्रशवर,
आणि वर ही आमची खारी हवा,
जी कुलूप सोडत नाही, कानातली रिंग सोडत नाही.

आता बंद करा.
दिगू, दहाचा पाना.
आधी निगेटिव्ह. कितीदा सांगू रे, आधी निगेटिव्ह.
पट्टा ठीक आहे, अंगठ्याने दाबून बघितला.
थांब, वायर मी बघतो.
टोकापासून टोकापर्यंत, चिमटीत धरून, वितीवितीने.
ही माझी सवय आहे. नंतर लागलेली.

हा बाहेर आला.
उचलून बघा, केवढा जड.
ब्रश उरलेत नखाएवढे, तांबं काळं.
ह्याला बांधून उपयोग नाही. नवाच टाकू.
कणकवलीला फोन केलाय,
तीन चाळीसच्या एस्टीने येईल, कंडक्टरच्या पायाशी.
बसा. त्या टायरवर पोतं टाकलंय.

वायरचं विचारलंत.
अनंत खवणेकर म्हणून होता एक, पांढरी सुमो.
मीटर माझ्याकडे तेव्हाही होता,
खिशात होता.
गिऱ्हाइकं दारात उभी, दुसऱ्या दिवशी हप्ता,
मी म्हटलं, बॅटरी गेली.
विकली त्याला नवी.
गेली होती चाळीस रुपयांची वायर,
वरून अख्खी, आतल्या आत तुटलेली.
कोल्हापूरहून रात्री उतरताना
भुईबावड्याच्या घाटात दिवे मालवत गेले.
इंजिन मात्र चालू. डिझेल.
बायकोने खिडकीतून हात काढून टॉर्च धरला
खाली वैभववाडी येईपर्यंत.

भांडायला आला असता तर बरं झालं असतं.
आला नाही.
ह्याच रस्त्याने जातो रोज, खाली बंदरावर.
हॉर्न वाजवत नाही.
कोपऱ्यावर गाय बसलेली असते,
सगळे वाजवतात,
तो ब्रेक मारतो, थांबतो,
ती उठेपर्यंत थांबतो.
नऊ वर्षं झाली.

एस्टी आली बघा. सव्वाचार.
दिगू, पळ.

पंपाची नळी नवी, सील नवं,
पट्टा चढवला, ताण दिला.
मारा चावी.
चौदा पॉइंट दोन.
दिवे लावा. पंखा लावा. रेडिओ पण लावा.
तेरा पॉइंट नऊ. चालतंय.
ब्रेक दाबा. पाय आत गेला ना, लोण्यात गेल्यासारखा?
आता बंद करा.
घाबरू नका, बंद करा. परत मारा.
परत.

जुन्याचं तांबं भंगारात जाईल,
त्याचे दोनशे वजा केलेत, खाली लिहिलेत.
बॅटरी तुमची तीच. चांगली आहे.

आणि हॉर्न वाजवून बघा एकदा.
नाही, वायरिंगचं काही नाही.
शाळेत ह्याच रस्त्याने जाता ना?
वायच वाजवत जा.