एकाच भुलीत

राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
शिरगुप्पे डॉक्टरांनी मला आरशासमोर उभं केलं
आणि पोटावर जांभळ्या पेनानं रेघा ओढल्या,
मोजणीला आलेला माणूस बांधावर ओढतो तशा.
इथून इथवर कापायचं. इथनं चरबी ओढायची.
बेंबी नव्या जागी.
मी पंख्याकडं बघत होते.
बेंबीचीही बदली होते, हे माहीत नव्हतं.

दोन सिझर, त्यात एकदा जुळं.
पीठ ओतून घेतल्यावर पोतं
उभं राहायचा प्रयत्न करतं, तसं झालं होतं पोट.
आणि खोकलं की बेंबीपाशी लिंबाएवढा फुगा.
घरात सांगितलं : हर्नियाचं ऑपरेशन.
खोटं नव्हतं.
सुलभावन्सं म्हणाल्या, हर्नियाला एवढं पैसं?
म्हटलं, जाळी इंपोर्टेड हाय.

मग मीच टेबलावर हिशेब मांडला.
सगळं एकदम करून टाका की डॉक्टर,
हर्निया, पोट, कंबर, पाठ, दंडबी.
एकदाच भूल, एकदाच खाट,
एकदाच डंकाला कुलूप.
सांगलीत एक जण तिन्हीवर चौथं फुकट देतोय.
माझ्या जावेच्या बहिणीनं तसंच केलं;
मस्त आहे, लग्नात कंबरपट्टा घालून मिरवते.
तिच्या शेजारच्या खाटेवरची दुसरी,
तिचं नाव कुणी घेत नाही.
पिंढरीत गाठ झाली, छातीत गेली, एवढंच म्हणतात,
जणू गाठ एसटीनं गेली.

भूल देणाऱ्या माणगावे मॅडम
माझे कागद दोनदा चाळून म्हणाल्या,
हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन.
रेवताताई, पैशाचा हिशेब तुम्ही करा,
तासांचा मी करते.
पोटाचे तीन, जाळीचा एक,
कमरेला थोडं, अर्धा-पाऊण.
पाठीसाठी पालथं करावं लागतं.
दंड म्हणजे आणखी दोन.
तेवढा वेळ पाय हलत नाहीत,
आणि थांबलेल्या रक्ताला
थांबायची सवय लागते.

मला राग आला.
पोट माझं, आणि मलाच सूट नाही.

जिना उतरताना पदराला मिरचीचा वास येत होता.
मिरची वेगळी भाजायची, खोबरं वेगळं,
तीळ तर तव्याला नुसता दाखवायचा.
घाईनं एकत्र टाकणाऱ्या बायकांवर
मी बावीस वर्षं ओरडतेय,
जळंल की गं सगळं!
पण पोट म्हणजे कढई नव्हे, उगाच जुळवू नये.
कढई घासता येते.

दोन महिने लोहाच्या गोळ्या, काळी शी, खजूर.
दिवाळी उलटल्यावर दोनच कामं केली.
शुद्धीवर आले तेव्हा पायांत घट्ट मोजे,
वरून गुंडाळलेले पट्टे
माझ्या पोटऱ्यांच्या वतीनं श्वास घेत होते,
फुस्स, फुस्स.
त्याच संध्याकाळी उठवलं.
कमरेत वाकून, नळ्यांची पिशवी हातात,
खाट ते बाथरूम, बाथरूम ते खाट.
नर्स म्हणाली, चाला मावशी, रंकाळ्यावर आल्यासारखं.
हसू आलं.
टाके म्हणाले, नको.

आता पोतं उभं राहतं.
पाठीवर ब्लाउजच्या काठाखाली वळी तशीच आहे,
हुक लावताना चिमटा बसतो.
पुढच्या वर्षी बघू. किंवा नाही बघणार.

परवा सुलभावन्सं भांडी विसळताना
माझ्याकडं तिरक्या बघत राहिल्या.
नळ बंद केला.
त्या डॉक्टरचा नंबर दे गं, म्हणाल्या,
माझंबी काहीतरी हर्नियाच असंल.
मी दिला.
मग ओल्या हातानंच
माणगावे मॅडमचाही दिला, आणि म्हटलं,
आधी ह्यो लावा.