पीळ

जांबोटीच्या पुढं बस आम्हाला सोडून गेली
तेव्हा आम्ही अकरा जण होतो आणि पाण्याच्या बाटल्या चौदा.
उद्यमबागेतला वेल्डर मारुती हुंदरे,
सिव्हिलमधली नर्स रेश्मा मुजावर,
कॉलेजची दोन पोरं, बुटांना अजून दुकानाचा वास,
असेच आणखी काही.
आणि मी. खडेबाजारात औषधं विकते,
म्हणजे नावंच विकते, मागं तारीख छापलेली.

वाट दाखवायला भागूबाई लांबोर, गवळीवाड्यावरची.
पायात प्लास्टिकची चप्पल, कंबरेला कोयता.
शिबिरप्रमुखांकडं लॅमिनेट केलेला तक्ता होता,
चाळीस वनस्पती, फोटोसकट.
तिनं तो हातात घेतला, उलटा,
उन्हात धरून म्हणाली, "चकाकतंय बरं."

ऐन दाखवला. सुसरीच्या पाठीसारखी साल.
खोडाला फुगवटा असला की कोयत्याचं टोक मारायचं,
पाणी येतं.
आमच्या ऐनाला आलं नाही.
"प्यालं असंल कुणी आधीच," म्हणाली
आणि जखमेवर अंगठ्यानं माती लिंपली.
बिब्ब्याखालून जाताना
सगळ्यांना हात खिशात घालायला लावले,
रेश्माच्या ड्रेसला खिसे नव्हते, तिनं माझ्या खिशात घातले.

एका झाडाशी तक्ता संपला.
"ह्याचं नाव काय, बाई?"
"ह्याला नाव न्हाई.
ह्याच्याशी आमचं कधी काम पडलं न्हाई."
प्रमुखांनी वहीत तीन टिंबं काढली.
मी पुढं जाऊन दोनदा मागं वळून पाहिलं.
झाडाला काही वाटल्यासारखं दिसलं नाही.

विस्तवाची परवानगी होती ती ओढ्यातल्या कातळावर फक्त.
कुंभ्याची कुटून वाळवलेली साल, गारगोटी,
मोडक्या कानशीचा तुकडा.
मारुती, ज्याच्या हातून रोज हजारो ठिणग्या उडतात,
अर्धा तास बडवत बसला. बोट सोललं.
रेश्मानं पट्टी बांधली, तो पुन्हा बसला.
"आमची ठिणगी हुकमाची," म्हणाला, "ही इरसाल आहे."
मग सालीच्या कडेला एक लाल ठिपका बसला,
मुंगीएवढा.
अकरा जण एका मुंगीभोवती,
श्वास कोणी सोडेना.

जेवणानंतर दोरी.
भागूबाईनं एका झुडपाची साल बुडापासून शेंड्यापर्यंत
सर्रकन सोलली, आणि मला वर शेंगा दिसल्या.
पीळ घातलेल्या, स्क्रूसारख्या.
मुरुडशेंग!
बाळगुटीतली. माझ्या दुकानात दुसऱ्या फळीवर
सतरा वर्षं बरणीत आहे.
झाडावर कधी पाहिली नव्हती.
"आमची केवण," भागूबाई म्हणाली.
कॉलेजातला निंगराज म्हणाला, "आमच्यात येडमुरी.
येड म्हणजे डावी, मुरी म्हणजे मुरड."
शेंग लोंबत राहिली, कुणाचीच बाजू न घेता.

दोन पदर. प्रत्येकाला उजवा पीळ,
मग दोघांना मिळून डावा.
सगळं एकाच बाजूला वळलं
तर हात काढताच उलगडतं.
माझी दोरी वीतभर झाली, तीही मध्ये बारीक.
रेश्माची हातभर. ती मारुतीच्या मनगटाला बांधून
ओढून पाहिली. मारुती तुटायला आला, दोरी नाही.

सोमवारी शटर उघडलं. नखांत अजून धूर.
दहाच्या सुमाराला एक पोरगा आला, नवा बाप असावा,
डोळे जागरणाचे, खांद्यावर दुधाचा डाग.
"येडमुरी ऐतेन्री?"

असं विचारत आधीही कोणी आले असतील.
मी मान हलवली असेल, "इल्ल्री" म्हटलं असेल,
पाठीमागं बरणी असताना.
किती वेळा, ते मोजायला बसले नाही.
स्टूल ओढलं. बरणी काढली, पुसली.
झाकण डावीकडं फिरवलं.
घट्ट बसलं होतं.