डबीचा आवाज

मोखोत्लोंगच्या चढावर घोडं अडतं,
पुढे मी पायी.
वहीत आज सहा घरं. शेवटचं मोत्लात्सीचं.

वय अकरा. दुसऱ्यांची मेंढरं राखतो,
आठ-आठ दिवस वरच्या कुरणावर.
बहीण न्थातीसी म्हणते, "डबी रिकामी घेऊन येतो,
म्हणजे घेत असणारच."
मी त्याचं कांबळं घडी घालायला उचललं
तर काठ लागला हाताला,
आत मका शिवल्यासारखा.

मी रागावले नाही.
खोटं कशाला, रागावले. मनात.
टाके उसवले. एकोणीस गोळ्या.
त्यानंच मोजल्या, आणि वीस, एकवीस, बावीसही
म्हणून दाखवलं, येतं म्हणून.

"कडू लागते?"
"नाही."
"मळमळतं?"
"नाही."
जळत्या गोवरीकडे बघत राहिला बराच वेळ.
"वाजते," म्हणाला.
"मेंढरामागे पळालो की डबी खिशात वाजते.
पोरं विचारतात, काय आहे रे."

तक्ते शिकले होते मी, गजर लावायला शिकले होते,
मुलांशी कसं बोलायचं त्याचे तीन दिवस वेगळे.
वाजते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

दाराशी टांगलेल्या कातड्यातून
लोकरीचा पुंजका उपटला मी,
नव्या डबीत गोळ्यांवर दाबून बसवला.
त्यानं कानाशी धरून हलवली.
मग बाहेर पळत सुटला, गोठ्यापर्यंत, परत.
मी कान देऊन ऐकलं:
नुसते पाय.

रक्ताचा अहवाल पुढच्या महिन्यात. येईल तो येईल.
वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
लोकर.