उसने हात

बाबांच्या पेटीत देवाचा निळा होता,
शेंदूर, हरताळ, लाखेचा तांबडा,
पाटांवर, पाळण्यांवर चढवायचा.
फिरंगी गालाचा रंग नव्हता.
तो मला सापडला शहाळ्याच्या कोवळ्या खोबऱ्यात,
चिमूटभर कावेत
आणि सोललेल्या सुंगटाच्या पाठीवर.

कुंकळ्ळीची चितारीण, म्हणून मागच्या दाराने.
पणजीत, मांडवीकडे तोंड केलेलं घर.
स्टूल बुटकं. कोंदेसापेक्षा उंच बसायचं नाही.
तेवीस दिवस मी तिला खालून पाहिलं:
नाकपुड्या, हनुवटीखालची घडी,
काळ्या लेसमध्ये अडकणारा श्वास.
खालून पाहिलं की कुणीही
गाभाऱ्यातल्या मूर्तीसारखं दिसतं,
थोडं दमलेलं.

चेहरा झाला. हात राहिले.
वाताने बोटं आल्याच्या कुड्यांसारखी.
“हे नकोत,” म्हणाली, आणि घंटी वाजवली.

आली रोझालीन, रायची,
कोपरापर्यंत बांगड्याची खवलं.
लिंबू चोळून धुतले हात, मखमलीवर ठेवले.
कोंदेसाची अंगठी तिच्या बोटात फिरायची,
मेण लावून बसवली.
हालू नकोस म्हटलं, हालली नाही.
एकदाच म्हणाली, “बाय, कढी उतू जाईल.”

अंगठ्यावर विळीचा जुना व्रण.
तो गाळ, कोंदेसा म्हणाली.
गाळला.
मग ती प्रार्थनेला गेली तेव्हा
दोन केसांच्या कुंचल्याने परत घातला,
पंख्याच्या कडेला,
कुणी विचारलंच तर
सावली म्हणता येईल इतकाच.

पेटी ठोकायच्या आदल्या दिवशी
रोझालीनला बोलावून दाखवलं.
ती व्रणाकडे बघेल असं वाटलं होतं मला.
ती पांढरी पडली.
“बाय, अंगठी मी परत दिली होती.
तू बघितलंस ना? सांगशील ना?”

भाताच्या पेंढ्यात गुंडाळून चित्र मुरगावला,
तिथून आगबोटीने लिस्बनला, मुलाकडे.
माझ्या पावतीवर: चित्र एक, चौकट एक,
रुपये चाळीस. चौकटीचे पंधरा वजा.

पावसाळ्यानंतर पत्र आलं.
कोंदेसाने मुद्दाम बोलावून वाचून दाखवलं,
माझ्यासाठी कोकणीत, अडखळत:
मुलगा लिहितो, चेहरा ठीक आहे,
पण हात, आई, तुझे हात हुबेहूब.

कागद तिच्या मांडीवर होता.
हात शालीत.
आतून खोबरं खवल्याचा आवाज येत होता,
मध्येच थांबायचा,
परत सुरू व्हायचा.