चार मिनिटं

ओदिलोनच्या घरी नवा ओटा बसलाय, काळ्या दगडाचा.
गोदेलीव्ह सकाळपासून तीनदा सांगून झाली.
एका कबुतराच्या पैशात!
निळसर मादी, डावा डोळा जरा फिका,
लिलावात कुणा परदेशी माणसानं उचलली.
आकडा मी उच्चारत नाही,
आधीच कवळी नीट बसत नाही.

आमच्या ढाबळी एकाच भिंतीला टेकून.
मका तोच, वाटाणा तोच,
देन्दर नदीवरचं धुकंही तेच.
त्याची पाखरं लिमोजहून सुटतात आणि घरी येतात.
माझी येतात
आणि कौलांवर बसतात.

पाखरू आत शिरेपर्यंत घड्याळ थांबत नाही, असा नियम.
जूनमध्ये माझा नर सगळ्या गावाआधी पोचला
आणि पिसं विंचरत बसला, चार मिनिटं.
खाली मी डबा खुळखुळवतोय, शीळ घालतोय,
त्याचे आईबाप काढतोय,
तेवढ्यात पलीकडे टक्.
मग भिंतीवरून डोकं: "वाईट झालं रे, लीव्हन."
खरंच वाटलं होतं त्याला.
माजला असता तर निदान शिव्या तरी घातल्या असत्या.

त्या रात्री पोटात दुखतंय म्हणून जेवलो नाही.
गोदेलीव्हनं कॅमोमाइलचा काढा दिला.
बिचारी.

तिला हेही ठाऊक नाही:
त्या मादीच्या पहिल्या उन्हाळ्यात, वादळानंतर,
ती माझ्या ढाबळीत शिरली होती. चुकून.
ओली, मूठभर.
काळीज असं धडधडत होतं
की तिचं की माझं, कळेना.
पायातला वाळा पाहिला. वरचा नंबर पाहिला.
पलीकडे ओदिलोन आभाळाकडे तोंड करून
डबा खुळखुळवत होता.

मी तिला पाणी दिलं.
दार लावून घेतलं.
बादली पालथी घालून अंधारात बसलो
तिच्याशेजारी, त्याची शीळ ऐकत.
बऱ्याच वेळानं ती थांबली.

सकाळी सोडली.
भिंत ओलांडून थेट आत गेली,
कौलाला पाय न लावता.

काल ओदिलोननं ओटा दाखवायला बोलावलं.
मी हात ठेवला. गार दगड.
"छान आहे," म्हणालो.
कॉफी ओतता ओतता तो म्हणाला,
"पहिल्या वर्षी एक रात्र हरवली होती बघ ती.
त्यानंतर वाटेत कधी थांबली नाही.
कुठं होती, देव जाणे."

मी साखर मागितली.
मी साखर घेत नाही,
हे त्याला चाळीस वर्षं माहीत आहे.
त्यानं डबा पुढे केला.